जुन्या जीपचे घरगुती पुनरुज्जीवन : मूळ रूप आणि फेरबदल यांच्या सीमारेषेचा विचार

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या ग्रामीण व निमशहरी भागात आजही एखाद्या वाड्याच्या अंगणात, ऊसमळ्याच्या कडेला किंवा गोठ्याच्या आडोशाला उभी असलेली जुनी जीप दृष्टीस पडते. कधी काळी ती आजोबांनी विकत घेतलेली असते, तर कधी सरकारी किंवा लष्करी लिलावातून घरात आलेली असते. चाके जमिनीत रुतलेली, छताचे कापड जीर्ण झालेले आणि टाकीच्या तळाशी गंज साचलेला, अशा अवस्थेतही ती भंगारात देण्यास घरातील मंडळी सहजासहजी तयार होत नाहीत. पुढे नव्या पिढीतील कोणीतरी ती पुन्हा चालती करण्याचा संकल्प सोडतो आणि तेथूनच प्रश्नांना सुरुवात होते. जीप जशी होती तशी करावयाची, की आजच्या गरजेनुसार बदलावयाची? बदलावयाची तर कोठपर्यंत?

हा प्रश्न वरकरणी हौसेचा वाटला, तरी त्यात यंत्रशास्त्र, रसायनशास्त्र, इतिहास, वारसाजतन आणि कायदा अशा अनेक ज्ञानशाखा गुंतलेल्या आहेत. भारतात दीर्घकाळ तयार झालेल्या सीजे-३बी या प्रारूपाची जीप उदाहरणादाखल घेऊन, घरच्या घरी करता येणारे पुनरुज्जीवन, त्याची पद्धत आणि फेरबदलांच्या मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यासाठी हलक्या, चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या वाहनाची निकड निर्माण झाली. त्यातून विलीज एमबी व फोर्ड जीपीडब्ल्यू ही जवळजवळ एकसारखी वाहने जन्मास आली. १९४१ ते १९४५ या काळात अशी सहा लाखांहून अधिक वाहने तयार झाली. युद्ध संपल्यावर विलीज-ओव्हरलँड या कंपनीने हेच वाहन शेती व नागरी वापरासाठी सीजे या नावाने बाजारात आणले. या मालिकेतील सीजे-३बी हे प्रारूप १९५३ साली आले व अमेरिकेत त्याचे उत्पादन १९६८ पर्यंत चालले.

भारतात या वाहनाचे नाते प्रामुख्याने मुंबईशी जडले. १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने स्थापन झालेल्या व १९४८ पासून ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने सुटे भाग आणून विलीज जीपची जुळणी करण्यास आरंभ केला आणि पुढे परवान्याखाली प्रत्यक्ष उत्पादनही हाती घेतले. अमेरिकेत सीजे-३बी बंद झाल्यानंतरही तिचा वंश भारतात कित्येक दशके चालू राहिला. त्यामुळे भारतीय जीप ही केवळ परदेशी वाहनाची नक्कल नव्हे, तर स्वातंत्र्योत्तर काळातील औद्योगिकीकरणाचा एक स्वतंत्र दस्तऐवज ठरते. जिल्हा प्रशासन, पाटबंधारे, वनखाते, पोलीस आणि निवडणूक प्रचार या सर्वांच्या स्मृती तिच्याशी निगडित आहेत.

जतन, पुनर्स्थापन आणि फेरबदल : संकल्पना

व्यवहारात ‘गाडी नवी केली’ या एकाच शब्दप्रयोगात तीन भिन्न क्रिया सामावलेल्या असतात. त्यांतील भेद आरंभीच समजून घेणे इष्ट आहे.

पहिली क्रिया जतनाची. वाहन ज्या अवस्थेत आहे त्या अवस्थेत त्याचा ऱ्हास थांबविणे, म्हणजे जतन. दुसरी क्रिया पुनर्स्थापनाची. गहाळ वा निकामी झालेले भाग मूळ रचनेप्रमाणे पुन्हा बसवून वाहन पूर्ववत करणे हा तिचा हेतू असतो. तिसरी क्रिया फेरबदलाची. तीत मूळ रचनेत नसलेली गोष्ट, उदाहरणार्थ वेगळे इंजिन, मोठी चाके किंवा पॉवर स्टिअरिंग, समाविष्ट केली जाते.

वास्तुवारशाच्या संदर्भात १९६४ च्या व्हेनिस सनदेने मांडलेले एक तत्त्व येथेही उपयुक्त ठरते. जेथे अंदाज बांधण्यास सुरुवात होते, तेथे पुनर्स्थापनाने थांबावे, असे ते तत्त्व सांगते. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेतही हाच विचार वाहनांना लागू केलेला आढळतो. प्लुटार्कने नोंदविलेले थेसियसच्या जहाजाचे कोडे सर्वश्रुत आहे. एकेक फळी बदलत गेल्यास शेवटी उरणारे जहाज तेच म्हणावे काय? जीपच्या बाबतीत हे कोडे केवळ तात्त्विक राहत नाही. पुढे पाहणार आहोत त्याप्रमाणे, त्याच्या उत्तरावर वाहनाची कायदेशीर ओळख अवलंबून असते.

प्राथमिक पाहणी व नोंद

घरी काम करणाऱ्याची सर्वांत मोठी चूक म्हणजे उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी पाने हाती घेऊन गाडी खोलणे. वास्तविक पहिले साधन वही व कॅमेरा हे होय. चेसी क्रमांक व इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तिकेशी जुळतात किंवा नाही, हे सर्वप्रथम तपासावे. ते जुळत नसतील, तर पुढील सर्व खर्च संशयास्पद पायावर उभा राहतो.

त्यानंतर प्रत्येक जोडणीचे छायाचित्र घ्यावे. वायरी, नळ्या व बोल्ट यांना चिठ्ठ्या बांधाव्यात आणि प्रत्येक उपजुळणीचे भाग वेगळ्या डब्यात ठेवावेत. झिजलेला भागही काम पूर्ण होईपर्यंत फेकू नये, कारण नवा भाग घडविताना तोच नमुना म्हणून उपयोगी पडतो.

सुरक्षिततेचे चार नियम या टप्प्यावरच पाळावे लागतात. एक, केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. लोखंडी घोड्या लावूनच काम करावे. दोन, जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ड्रममधील भुकटी हवेच्या झोताने उडवू नये. ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. तीन, जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासकाम टाळावे. चार, पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिच्यात ज्वालाग्राही वाफ शिल्लक असते. अशा टाकीवर घरी वेल्डिंग करणे प्राणघातक ठरू शकते.

चेसी, पत्रा आणि गंज

जीपची रचना शिडीसारख्या चेसीवर आधारलेली आहे. दोन लांब पोलादी तुळया व त्यांना जोडणारे आडवे भाग यांवर इंजिन, गिअरपेटी आणि पत्र्याचा सांगाडा स्वतंत्रपणे बसविलेले असतात. त्यामुळे संपूर्ण पत्रा उचलून बाजूला ठेवता येतो. घरगुती दुरुस्तीसाठी ही फार मोठी सोय आहे. पत्रा उतरविल्यानंतर चेसीवरील समान बिंदूंमधील तिरकस अंतरे दोन्ही बाजूंनी मोजावीत. ती समान नसल्यास चेसी वाकलेली आहे असे समजावे.

गंज ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. लोह, पाणी व प्राणवायू एकत्र आले की ती सुरू होते आणि क्षारांच्या उपस्थितीत तिचा वेग वाढतो. कोकण किनाऱ्यावरील जीप देशावरील जीपपेक्षा लवकर सडते, याचे कारण हेच. गंजाचे आकारमान मूळ लोहापेक्षा अधिक असल्याने तो रंगाला आतून फुगवितो. म्हणून रंगावरील लहानसा फुगाही आतील मोठ्या हानीचे लक्षण असू शकतो.

लहान भागांसाठी विद्युत-विघटनाची पद्धत घरीही वापरता येते. प्लास्टिकच्या पिंपात धुण्याच्या सोड्याचे द्रावण घेऊन गंजलेला भाग ऋण टोकाला व साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडला जातो. या कामी स्टेनलेस स्टीलचा तुकडा वापरू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम संयुगे निर्माण होऊ शकतात. तसेच या क्रियेत हायड्रोजन वायू बाहेर पडत असल्याने ती मोकळ्या हवेत व ठिणगीपासून दूर करणे आवश्यक आहे.

सडलेल्या पत्र्यावर लांबी भरून रंग देण्याची प्रथा सर्वत्र दिसते. तिने गाडी काही महिने सुंदर दिसते, परंतु ओलावा आत कोंडून गंज वाढतच राहतो. सडका भाग कापून त्या जागी तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा जोडणे आणि जस्तयुक्त प्रायमरचा थर देणे हाच टिकाऊ उपाय होय. जीपचे बहुतेक पत्रे सपाट वा साध्या वळणाचे असल्याने हे काम कुशल मिस्त्रीच्या मदतीने घरीही साधते.

इंजिन : घरी काय करावे, बाहेर काय द्यावे

युद्धकालीन जीपमध्ये इनलेट व एक्झॉस्ट हे दोन्ही वॉल्व्ह ब्लॉकमध्ये होते. सीजे-३बीमधील ‘हरिकेन’ इंजिनात इनलेट वॉल्व्ह हेडमध्ये नेले गेले व एक्झॉस्ट वॉल्व्ह ब्लॉकमध्येच राहिले. या बदलामुळे शक्ती सुमारे ६० अश्वशक्तीवरून ७० च्या वर गेली, पण इंजिनाची उंचीही वाढली. सीजे-३बीचे बॉनेट उंच दिसते ते याच कारणाने. दोन्ही इंजिनांचा सिलिंडर व्यास सुमारे ७९.४ मिलिमीटर, स्ट्रोक सुमारे १११.१ मिलिमीटर आणि एकूण क्षमता सुमारे २,२०० घनसेंटिमीटर आहे. व्यासापेक्षा स्ट्रोक बराच मोठा असल्याने हे इंजिन कमी फेऱ्यांत चांगली ओढ देते. मात्र त्याच कारणाने ते दीर्घकाळ भरधाव पळविण्यासाठी नाही.

इंजिन उघडण्यापूर्वी चारही सिलिंडरांचा दाब मोजावा. एखाद्या सिलिंडरात दाब कमी आढळल्यास त्यात थोडे इंजिन तेल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या असण्याची शक्यता अधिक, न वाढल्यास वॉल्व्ह वा गास्केट सदोष असण्याची शक्यता अधिक. हेड उतरविणे, वॉल्व्ह घासून बसविणे, कार्ब्युरेटर साफ करणे, प्लग व पॉइंट यांतील अंतर ठरविणे ही कामे घरी करता येतात. सिलिंडर बोअर करणे, क्रँकशाफ्ट घासणे, हेडचा पृष्ठभाग समतल करणे ही कामे मात्र यंत्रशाळेतच करावी लागतात. आपल्या साधनांची मर्यादा ओळखणे हाही घरगुती पुनरुज्जीवनातील कौशल्याचाच भाग होय.

इंधनाचा विचार आज स्वतंत्रपणे करावा लागतो. भारतात २००० सालापासून शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र लागू झाले. जुन्या इंजिनांत शिसे हे एक्झॉस्ट वॉल्व्हच्या बैठकीचे झिजेपासून रक्षण करीत असे. म्हणून इंजिन उघडलेच असेल, तर कठीण धातूच्या बैठका बसवून घेणे श्रेयस्कर ठरते. २०२५ पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले आहे. इथेनॉल ओलावा शोषून घेते व जुन्या प्रकारच्या रबरावर परिणाम करते. त्यामुळे इंधननळ्या, पंपातील पडदा व कार्ब्युरेटरची सीले इथेनॉलला टिकणाऱ्या द्रव्याची बसवावीत आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असल्यास टाकीत जुने पेट्रोल साठवू नये.

ब्रेक, स्टिअरिंग व विद्युतव्यवस्था

मूळ जीपचे ब्रेक द्रवदाबावर चालणारे असले, तरी चारही चाकांसाठी एकच मार्ग असे. पास्कलच्या नियमानुसार दाब सर्वत्र समान पोहोचतो. याचाच दुसरा अर्थ असा की, कोठेही गळती झाल्यास दाब सर्वत्र नाहीसा होतो. एका चाकाचे रबर फाटले की चारही चाकांचे ब्रेक जातात. पुढील व मागील चाकांसाठी स्वतंत्र मार्ग देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर बसविणे हा फेरबदल म्हणूनच समर्थनीय ठरतो. तो बाहेरून दिसत नाही, इच्छा झाल्यास पूर्ववत करता येतो आणि जीव वाचवितो.

स्टिअरिंगच्या बाबतीत जीपचे चाक हातात थरथरते ही तक्रार नेहमीची आहे. पुष्कळदा स्टिअरिंगची पेटी बदलली जाते आणि तरीही दोष कायम राहतो. पुढील आडव्या भागावर असलेला बेल-क्रँक, किंग-पिनची बेअरिंगे, पाट्यांच्या शॅकलमधील बुश आणि चाकांचा समतोल या सर्वांची क्रमाने तपासणी केल्याशिवाय मूळ कारण हाती लागत नाही.

आरंभीच्या जीपमध्ये सहा व्होल्टची विद्युतव्यवस्था होती. ३६ वॅटचा दिवा बारा व्होल्टवर तीन अँपिअर घेतो, तर सहा व्होल्टवर सहा अँपिअर. प्रवाह दुप्पट झाल्यास त्याच तारेतील शक्तीचा व्यय चौपट होतो. म्हणून सहा व्होल्टच्या गाडीचे दिवे मंद असल्यास बॅटरी बदलण्याआधी गंजलेल्या जोडण्या व अर्थिंग साफ करावे. पुष्कळदा तेवढ्यानेच उजेड पडतो.

फेरबदलाचे गणित

फेरबदल करताना एक भाग बदलला की संपूर्ण यंत्रणेवर परिणाम होतो, हे पुढील आकडेमोडीवरून स्पष्ट होईल.

सीजे-३बीमध्ये पहिल्या गिअरचे गुणोत्तर सुमारे २.८०, ट्रान्स्फर केसच्या ‘लो’ स्थितीचे २.४६ व ॲक्सलचे ५.३८ आहे. या तिन्हींचा गुणाकार सुमारे ३७ होतो. म्हणजे इंजिनाचे ३७ फेरे झाल्यावर चाकाचा एक फेरा होतो. चाकाचा व्यास २८ इंच धरल्यास परीघ सुमारे २.२३ मीटर येतो. या स्थितीत इंजिन मिनिटाला १,००० फेरे घेत असताना जीपचा वेग ताशी सुमारे ३.६ किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीपेक्षाही कमी असतो. चिखलातून वा खडकाळ चढावरून जीप संथपणे वर चढते, त्याचे रहस्य इंजिनाच्या ताकदीत नसून या गुणाकारात आहे.

आता चाकाचा व्यास २८ वरून ३१ इंच केल्यास काय होते ते पाहू. जमिनीपासूनची उंची दीड इंचाने वाढते, हा लाभ. परंतु चाकाने जमिनीवर लावलेले बल सुमारे १० टक्क्यांनी घटते. ब्रेकचे परिणामकारक बलही त्याच प्रमाणात घटते. वेगदर्शक ताशी ५० किलोमीटर दाखवीत असताना प्रत्यक्ष वेग ५५ च्या वर असतो. म्हणजे गाडी अधिक वेगात धावते, कमी जोराने थांबते आणि चालकाला मात्र खरा वेग कळत नाही.

डिझेल इंजिनाचे उदाहरण याहून महत्त्वाचे आहे. डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४ पर्यंत सरकारी नियंत्रणाखाली होते व ते पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त असे. त्यामुळे असंख्य पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिने बसविली गेली. ज्या इंजिनाचे फेरे मिनिटाला ३,००० च्या आसपास मर्यादित आहेत, ते ५.३८ गुणोत्तराच्या ॲक्सलला जोडल्यास सर्वोच्च गिअरमध्येही वेग ताशी सुमारे ७५ किलोमीटरवर अडतो. शिवाय अधिक वजनाने पुढचे पाटे बसतात, इंजिनाच्या कंपनांनी पत्र्याला तडे जातात आणि गिअरपेटीवर ताण येतो. मग पाटे, ॲक्सल व गिअरपेटी एकामागोमाग बदलावी लागते. शेवटी मूळ जीपचे नाव व पुढची जाळी एवढेच शिल्लक राहते.

मूळ चारचाकी व्यवस्थेचेही एक पथ्य आहे. तीत पुढील व मागील ॲक्सल यांच्यात डिफरन्शिअल नसते. वळणावर पुढची चाके अधिक अंतर कापतात आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर हा फरक सामावण्यास वाव नसल्याने दांडे व दाते यांत ताण साठत जातो. म्हणून पुढील चाकांची शक्ती केवळ निसरड्या जमिनीवरच जोडावी आणि चारही चाकांचे टायर समान मापाचे ठेवावेत.

कायदेशीर चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात निर्दिष्ट केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. त्यामुळे इंजिन, चेसी वा बांधणी यांत केलेला मोठा बदल नोंदणीसाठी अडचणीचा ठरतो आणि अपघात झाल्यास विम्याचा दावाही वादग्रस्त होऊ शकतो.

२०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद करण्यात आली. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली दुचाकी व चारचाकी वाहने यात येतात. तथापि, वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चेसी, बांधणी वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. अशा वाहनास ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला विशेष क्रमांक मिळतो. त्यासाठी नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठरविण्यात आले व नोंदणीची मुदत दहा वर्षे ठेवण्यात आली. प्रदर्शन, संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे व देखभाल अशा मर्यादित कारणांसाठीच ते रस्त्यावर आणता येते.

येथेच आरंभीच्या तात्त्विक कोड्याला व्यावहारिक धार येते. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धातील जीप आता पन्नाशी ओलांडत आहे. ज्या कुटुंबाने मूळ पेट्रोल इंजिन, जुने व झिजलेले का होईना, जपून ठेवले, त्याच्यासमोर मान्यतेचा मार्ग खुला आहे. ज्याने ते भंगारात देऊन अन्य इंजिन बसविले, त्याला तो बंद होतो. तात्कालिक सोयीसाठी घेतलेला निर्णय वारशाचे मूल्य कायमचे घालवू शकतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

निर्णयासाठी कसोट्या

वरील विवेचनावरून प्रस्तावित प्रत्येक बदलास पुढील चार प्रश्न विचारता येतील.

१) हा बदल सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे काय?
२) तो मूळ भागास इजा न करता पुढे पूर्ववत करता येईल काय?
३) त्यामुळे नोंदणीतील तपशिलाशी विसंगती निर्माण होते काय?
४) त्याच्या परिणामी आणखी कोणते भाग बदलावे लागतील?

दुहेरी ब्रेकमार्ग, आसनपट्टे व इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या या कसोट्यांवर उतरतात. चेसी कापून लांब करणे वा परके इंजिन बसविणे हे मात्र उतरत नाही. मोठ्या चाकांचा प्रश्न मधला आहे. ती पूर्ववत करता येत असली, तरी पहिल्या व चौथ्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या विरोधात जाते.

समारोप

जुन्या जीपच्या पुनरुज्जीवनात एक निसटते ज्ञानही पणाला लागलेले आहे. पॉइंटमधील अंतर नजरेने ओळखणारे, आवाजावरून वॉल्व्हचा दोष सांगणारे आणि पाट्यांना भट्टीत पुन्हा बाक देणारे कारागीर आता वृद्ध होत चालले आहेत. त्यांच्या ज्ञानाची लिखित नोंद फारशी झालेली नाही. महाविद्यालयांना या संदर्भात काही करता येण्यासारखे आहे. पदार्थविज्ञान व रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी गंजाचा व विद्युतमंडलाचा, इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी वाहनाच्या कागदपत्रांचा आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी गॅरेजमधील शब्दसंपत्तीचा अभ्यास केल्यास एकाच जीपभोवती उत्तम आंतरविद्याशाखीय प्रकल्प उभा राहू शकेल.

गाडी चालती करणे हे पुनरुज्जीवनाचे अर्धेच यश होय. तिच्यात काय मूळचे आहे, काय बदलले आणि का बदलले, हे पुढच्या पिढीला सांगता येणे हे उरलेले अर्धे यश. त्यासाठी दुरुस्तीची वही गाडीच्या कागदपत्रांबरोबरच जपून ठेवावी आणि काढलेले मूळ भाग तेल लावून, कापडात गुंडाळून, कोरड्या जागी ठेवावेत. आज अडगळ वाटणारे ते इंजिनच उद्या जीपच्या ओळखीचा पुरावा ठरण्याची शक्यता आहे.